इथली जेंट्री चांगली आहे

वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला एव्हरशाईन सिटीत भाड्याचं घर दाखवणारा दलाल आधी कामाच्या गोष्टी सांगतो. शेअर रिक्षा गेटपासून मिळते, लिफ्ट आहे, पाण्याचं सोसायटी बघते, डिपॉझिटमध्ये थोडं मागेपुढे होईल. मग आवाज जरासा खाली आणून तो म्हणतो, ‘आणि इथली जेंट्री चांगली आहे.’ गिऱ्हाईक मान डोलावतं. जेंट्री म्हणजे नेमकं काय, असं कोणी विचारत नाही. दोघांनाही ते समजलेलं असतं, आणि उघड विचारलं तर दलालाची पंचाईत होईल हेही दोघांना ठाऊक असतं.

मुंबई आणि तिच्या उपनगरांत माणसांच्या घोळक्याला लावायचे तीन इंग्रजी शब्द मराठीने आपलेसे केले आहेत, आणि त्यांची उतरंड पक्की आहे. सगळ्यांत खाली ‘पब्लिक’. ते नपुंसकलिंगी: पब्लिक खवळलं, पब्लिक जमलं. त्याच्यावर ‘क्राउड’, पुल्लिंगी: त्या हॉटेलात क्राउड चांगला येतो. आणि सगळ्यांत वर ‘जेंट्री’, स्त्रीलिंगी. पब्लिक रेल्वे फलाटावर असतं, क्राउड मॉलमध्ये असतो, जेंट्री सोसायटीत राहते. माणसं तीच असू शकतात. सकाळी विरार लोकलच्या दारात लोंबकळणारं पब्लिक रात्री घरी परतलं, की तेच जेंट्री होतं.

इंग्लंडमध्ये मात्र या शब्दाने एवढी ये-जा कधी सोसली नसती. जेंट्रीचं मूळ लॅटिनमधल्या ‘जेन्स’ या शब्दात आहे. जेन्स म्हणजे कूळ, एका पूर्वजापासून जन्मलेली माणसं. त्यावरून ‘जेंटिलिस’, फ्रेंचमध्ये ‘जांती’, म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला, आणि तिथून इंग्रजीत जेंटल, जेंटलमन, जेंट्री. भाषाशास्त्रज्ञ हा धागा आणखी मागे नेतात. लॅटिन ‘जेन्स’ आणि संस्कृत ‘जन्’ हे एकाच मूळ धातूचे वंशज. त्या ‘जन्’पासून आपल्याकडे जन आला, जन्म आला आणि जातही आली. म्हणजे जेंट्री आणि जात हे लांबचे चुलत भाऊ. दलालाला हे माहीत असण्याचं कारण नाही, पण शब्द त्याने अचूक निवडला आहे.

इंग्लंडच्या समाजरचनेत जेंट्री हा सरदारांच्या खालचा आणि कुळांच्या, कारागिरांच्या वरचा थर होता. लॉर्ड, अर्ल, ड्यूक हे किताबवाले त्यात नसत. गावाकडे चांगली जमीन असलेला, ती कुळांना कसायला देऊन खंडावर जगणारा, गावचा न्यायनिवाडा करणारा जो जमीनदार, तो जेंट्रीतला. जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्यांतली बहुतेक घरं याच थरातली. १८१३ साली आलेल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये एलिझाबेथ बेनेटच्या वाट्याला फारसा पैसा येणार नाही, तरी ती जेंटलमनची मुलगी असल्याचं ताठ मानेने सांगते. नोकरी, व्यापार, हाताने काम या गोष्टी या थराला कमीपणाच्या वाटत. मोठ्या मुलाला जमीन मिळायची. धाकट्यांसाठी सैन्य, चर्च किंवा वकिली एवढेच धंदे शोभणारे मानले जात.

पण जन्माने ठरणाऱ्या या दर्जाचा दरवाजा आतून बंद होता, असंही नाही. विल्यम हॅरिसन नावाच्या पाद्र्याने १५७७ साली छापलेल्या इंग्लंडच्या वर्णनात फार मजेशीर गोष्ट नोंदवली आहे. कायदा शिकलेला, विद्यापीठात राहिलेला, किंवा अंगमेहनत न करता जगू शकणारा आणि जेंटलमनसारखा डामडौल सांभाळू शकणारा माणूस पैसे मोजून कुलचिन्ह मिळवतो आणि मग जेंटलमन म्हणवला जातो, असं तो लिहितो. हॅरिसन याला फारसं हसतही नाही. राजाचं यात काही जात नाही, अशी त्याची हिशेबी दृष्टी आहे. पुढे १५९६ साली स्ट्रॅटफर्डच्या जॉन शेक्सपिअर नावाच्या गृहस्थांना असंच कुलचिन्ह मिळालं. त्यांचा धंदा हातमोजे शिवण्याचा. लंडनमध्ये नाटकं लिहून बरे पैसे मिळवणारा त्यांचा मुलगा त्यामुळे जन्माने जेंटलमन ठरला.

आता ही व्याख्या घेऊन वसई पूर्वेत हिंडून बघावं. जमिनीचा मालक, पिढ्यानपिढ्या एकाच गावात मूळ धरलेला, गावकीत ज्याच्या शब्दाला वजन आहे, असा माणूस इथे कोण? आचोळे, गोखिवरे, वालीव, सातिवली या गावांतली जुनी घरं. इंग्रजी अर्थाने जेंट्री कोणी असेल, तर ती. त्यांच्या भातखाचरांवर नंतर इमारती उभ्या राहिल्या. पण दलालाच्या जेंट्रीत ही घरं मोजली जात नाहीत. ते ‘गाववाले’. उलट ज्याची इंचभर जमीन नाही, ज्याचं घर बँकेकडे वीस वर्षं गहाण आहे, जो महिन्याच्या पगारावर जगतो आणि रोज चर्चगेटपर्यंत नोकरीला जातो, तो जेंट्री. शब्द समुद्र ओलांडून आला आणि वाटेत उलटा झाला. इंग्रज जमीनदाराच्या जवळ जाणारा एकच प्राणी एव्हरशाईनमध्ये सापडेल, तो म्हणजे चार फ्लॅट भाड्याने लावून स्वतः कांदिवलीला राहणारा गुंतवणूकदार. तो तर सोसायटीच्या सभेलाही येत नाही.

मराठीला या थरासाठी स्वतःचा शब्द नव्हता असं समजू नये. होता, आणि तो जेंट्रीपेक्षा जास्त प्रामाणिक होता: पांढरपेशा. पांढरे कपडे घालणारा, म्हणजे ज्याचे कपडे मळत नाहीत तो. हा नुसता बोलीतला शब्द नव्हता, सरकारी दप्तरातला वर्ग होता. एकोणिसाव्या शतकातल्या कोकणच्या महसुली कागदांत पांढरपेशा खातेदार वेगळे दाखवलेले सापडतात. ब्राह्मण, प्रभू वगैरे मंडळी स्वतः नांगर धरत नाहीत, त्यांना मजूर लावावे लागतात आणि त्यामुळे शेती महाग पडते, या कारणासाठी त्यांना कमी सारा लावण्याची जुनी रीत होती. शेजारच्या कुणब्याने त्याच प्रतीच्या जमिनीला जास्त भरायचं. प्रतिष्ठेवर सूट मिळण्याचं याहून उघड उदाहरण मला माहीत नाही. हॅरिसनच्या व्याख्येतला कळीचा मुद्दाही हाच होता, अंगमेहनत न करणं. दोन दूरच्या समाजांनी स्वतंत्रपणे एकच कसोटी शोधून काढावी, यात योगायोग कमी आणि जमिनीचं अर्थकारण जास्त आहे. दुसऱ्याच्या कष्टावर जगता येणं हीच दोन्हीकडे मोठेपणाची खूण होती. बंगालीतला ‘भद्रलोक’ही याच मुशीतला.

पांढरपेशा आज मागे पडला. ‘पांढरपेशी मानसिकता’ अशा टीकेपुरता तो उरला आहे. त्याच्या भावंडांचंही तेच झालं. ‘गृहस्थ’ म्हणजे ज्याला घर आहे तो, आणि म्हणून सभ्य माणूस. आता ‘समोरून एक गृहस्थ आले’ यात एवढंच कळतं, की ते पुरुष होते. ‘संभावित’ हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मान्यवर या अर्थाने आलेला भारदस्त शब्द. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्यात संभावित गृहस्थ सन्मानाने वावरतात. नंतर त्यात ढोंगाचा वास शिरला आणि संभावित म्हणजे साळसूदपणाचा आव आणणारा असा अर्थ झाला. ‘शिष्ट’ची तर फारच वाईट गत. शिष्टाचारात तो अजून अदबीने उभा आहे, पण ‘ती फार शिष्ट आहे’ म्हटलं की कोणी ते कौतुक समजत नाही. प्रतिष्ठा दाखवणारा प्रत्येक शब्द काही काळाने असा आंबतो, कारण लोक तो शब्द आणि तो मिरवणारा माणूस शेजारी ठेवून बघतात. मग नवा, न वापरलेला शब्द लागतो. इंग्रजीतून उचलला तर सोयीचं, त्याला अजून वास लागलेला नसतो.

खुद्द इंग्रजीत मात्र तो लागून गेला आहे. कोणा इंग्रजी बोलणाऱ्याला ‘द जेंट्री इन माय बिल्डिंग इज गुड’ असं सांगितलं, तर त्याच्या डोळ्यांपुढे घोड्यावर बसून शिकारीला निघालेले लालकोटवाले उभे राहतील. तिथे जेंट्री हा आता मुख्यतः इतिहासाच्या पुस्तकातला शब्द आहे, आणि बहुधा अनेकवचनी चालतो. एकोणिसाव्या शतकात त्याचा उपहासानेही वापर होई: खिसेकापूंना ‘हलक्या बोटांची जेंट्री’ म्हणायची पद्धत होती. आयर्लंडच्या खेड्यांत तर परीलोकातल्या अदृश्य मंडळींनाच ‘द जेंट्री’ म्हणत. नाव घेतलं तर त्रास देतील, म्हणून आदराने बोलायचं. आपल्याकडे रात्री सापाचं नाव न घेता ‘जनावर’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. एखाद्या इंग्रजाला वसईच्या दलालासारखं काही म्हणायचं असेल, तर तो शेजारी ‘रिस्पेक्टेबल’ आहेत म्हणेल, ‘नाइस एरिया’ म्हणेल, किंवा नुसतंच डिसेंट म्हणेल. शेवटचा शब्द आपल्याकडेही आला आहे, फक्त आपण त्याला मुलाच्या स्थळापासून पडद्याच्या रंगापर्यंत सगळ्याला लावतो.

या कुटुंबातला एक शब्द मात्र इंग्रजीत अजून जोरात आहे, आणि त्याचा एव्हरशाईन सिटीशी थेट संबंध आहे: जेंट्रिफिकेशन. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ साली लंडनबद्दल लिहिताना तो घडवला. इस्लिंग्टनसारख्या कामगारवस्त्यांतली पडकी घरं मध्यमवर्गीय लोक विकत घेऊन दुरुस्त करत होते, भाडी वाढत होती आणि मूळचे कामगार बाहेर फेकले जात होते. ग्लासबाईंनी मुद्दामच जुनाट, थोडा खवचट शब्द वापरला: गावातली जेंट्री आता शहरात अवतरते आहे, असा त्यात टोमणा होता.

मुंबईच्या गिरणगावात हेच घडलं, फक्त आकार अवाढव्य होता. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्याच मिटत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकासाला खुल्या होण्याची वाट काढली, २००१ च्या दुरुस्तीने ती रुंद केली. लोअर परळला मॉल आले, टॉवर आले, आणि लालबाग-परळच्या चाळीतली पुढची पिढी पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या रुळांवरून बाहेर सरकत गेली. कोणी डोंबिवली-कल्याणला, कोणी नालासोपारा, विरार, वसईला. १९९० मध्ये वसई-विरार भागासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, आणि पूर्वेला मोठाली संकुलं उभी राहू लागली. एव्हरशाईन सिटी त्यांतलीच. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीत १२ लाखांवर माणसं होती. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा तो जिल्हा आदिवासी म्हणून ओळखला गेला खरा, पण त्याचं सगळ्यांत दाट टोक, म्हणजे वसई-विरार, मुंबईतून असं ओसंडून आलेलं होतं.

म्हणजे एका ठिकाणी जेंट्रीने ज्यांना बाहेर ढकललं, त्यांतले काही जण दुसऱ्या ठिकाणी स्वतः जेंट्री झाले. यात मला विसंगती वाटत नाही. चाळीत या शब्दाची गरजच नव्हती. तिथे समोरच्या खोलीतला माणूस कोणत्या गावचा, कोणत्या खात्यात, कोणत्या भजनी मंडळात, रात्री किती पिऊन येतो आणि सकाळी कोणाची माफी मागतो, हे मजल्याला तोंडपाठ असे. अब्रू ही ओळखीवर चालायची. नव्या संकुलात एका मजल्यावर मालवणी, गुजराती, मंगळुरी आणि जौनपूरचं कुटुंब दारं लावून राहतात. कोणी कोणाला ओळखत नाही, आणि ओळख करून घ्यायला रात्री साडेनऊच्या पुढे कोणाकडे जीव नसतो. मग ओळखीची जागा खुणा घेतात. फॅमिली आहे ना? नोकरी कुठे? आडनाव काय? दाराबाहेर चपलांचा ढीग नसतो ना? मँचेस्टर, लंडनच्या कामगारवस्त्यांतही शंभर-दीडशे वर्षांपूर्वी अशाच खुणा होत्या. रविवारी अंगावर धड कोट दिसणं इतकं महत्त्वाचं होतं, की बायका सोमवारी तो गहाण ठेवून आठवडा काढत आणि शनिवारी सोडवून आणत.

इथपर्यंत हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पण खुणांवर चालणारी प्रतिष्ठा फाटकावर उभी राहिली की तिचा रंग बदलतो. ‘जेंट्री चांगली’ या दोन शब्दांच्या आत काय काय बसवलेलं असतं, ते ‘जेंट्री बिघडेल’ हे वाक्य ऐकलं की कळतं. कोण आल्याने बिघडेल? एकटी राहणारी मुलगी, बॅचलर पोरं, मासे खाणारे, न खाणारे, अमुक आडनावाचे, तमुक धर्माचे. २०१६ मध्ये वसईतल्याच एका सोसायटीतल्या सभासदांनी मुस्लिम कुटुंबाला फ्लॅट विकायला विरोध केला आणि प्रकरण पोलिसांत गुन्हा दाखल होण्यापर्यंत गेलं. तिथे विरोध उघड होता म्हणून कायदा पोचू शकला. एरवी तो दलालाच्या तोंडून ‘मालकाला जरा वेगळी जेंट्री हवी आहे’ असा येतो, आणि या वाक्यावर कोणतं कलम लावणार?

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा आहे, आणि त्याच्या २३ व्या कलमात खुल्या सभासदत्वाचं तत्त्व आहे: पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. मात्र २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, एका समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा उपविधी वैध धरला. त्यामुळे एका समाजासाठीच काढलेली संस्था चालते, आणि सगळ्यांसाठी काढलेल्या संस्थेने नंतर मनातल्या मनात दार लावणं चालत नाही. मधली जागा जेंट्री या शब्दाने व्यापली आहे.

खुणांवर चालणाऱ्या या प्रतिष्ठेला एक दुसरी बाजू आहे आणि ती दलालाच्या बाजूपेक्षा मोठी आहे. २७ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांपुढे भाषण केलं. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असं लुगडं नेसणं सोडा, वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं नेसा, हातापायांतले ते जड दागिने टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. पांढरपेशांच्या खुणा उचलणं ही इथे नक्कल नव्हती. ज्या खुणा तुम्हाला नाकारल्या गेल्या त्या परवानगी न मागता घ्या, असा तो निरोप होता. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चमधल्या स्त्रियांनी नीटनेटकेपणाचा, सभ्यतेचा असाच हत्यारासारखा वापर केला होता. एव्हलिन ब्रुक्स हिगिनबॉथम यांनी १९९३ च्या पुस्तकात त्याला ‘पॉलिटिक्स ऑफ रिस्पेक्टेबिलिटी’ असं नाव दिलं. एव्हरशाईनमधल्या एखाद्या वन बीएचकेमध्ये आलेलं पहिल्या पिढीचं कुटुंब दारावर पितळी पाटी लावतं, तेव्हा त्या पाटीत दिखावा किती आणि हिशेब चुकता करणं किती, हे बाहेरच्या माणसाने ठरवू नये.

जेंट्रीची मोठी बहीण ‘रिस्पेक्टेबल’ मात्र गप्पांत राहिली नाही, ती कायद्यात शिरली. इंग्लंडमध्ये तिची थट्टा खूप झाली. १८२४ च्या जानेवारीत जॉन थर्टेल नावाच्या माणसावर खुनाचा खटला चालला. त्यात एका साक्षीदाराने कोणाला तरी रिस्पेक्टेबल म्हटलं, आणि म्हणजे काय असं विचारल्यावर ‘त्यांच्याकडे घोडागाडी होती’ असं उत्तर दिलं, अशी कथा प्रसिद्ध झाली. टॉमस कार्लाइलने त्या हलक्या दुचाकी गाडीच्या नावावरून अशा प्रतिष्ठितांसाठी ‘गिगमॅनिटी’ असा शब्दच पाडला. भारतात इंग्रजांनी १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता लिहिताना हीच कसोटी गंभीरपणे वापरली: घराची झडती घेताना त्या वस्तीतल्या दोन किंवा अधिक रिस्पेक्टेबल रहिवाशांना साक्षीला बोलवावं. १९७३ च्या संहितेने आधी ‘स्वतंत्र’ हा शब्द जोडला, रिस्पेक्टेबल राहू दिला. आपला रोजच्या बातमीतला ‘पंचनामा’ आणि त्यातले ‘प्रतिष्ठित पंच’ ते हेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०३ व्या कलमातही शब्द तेच आहेत.

आणि इथे जेंट्रीची पंचाईत होते. रात्री अकराला पोलीस बिल्डिंगखाली येऊन दोन प्रतिष्ठित रहिवासी मागू लागले, की सगळे मजले अंधारतात. सकाळी कामावर जायचं असतं, पुढे कोर्टाच्या तारखा लागतात, आणि आरोपी त्याच विंगमध्ये राहतो. मग पोलीस नेहमीचेच ओळखीचे पंच घेऊन येतात, आणि बचावाचा वकील त्यांना ठेवणीतले साक्षीदार म्हणून कोर्टात उभं-आडवं घेतो. लेखी हुकूम मिळूनही सबळ कारणाशिवाय पंच व्हायला नकार देणं हा त्याच १०३ व्या कलमाने गुन्हा ठरवला आहे, पण फ्लॅट घेताना ही अट दलाल सांगत नाही. नव्या संहितेच्या १०५ व्या कलमाने झडतीचं दृश्य आणि ध्वनी यांचं चित्रण करणं सक्तीचं केलं. आता वसई-विरारमध्येही हवालदार मोबाईल उंच धरून पंचनामा चित्रित करतो. दोन प्रतिष्ठित रहिवाशांची अट कायद्याने तरीही काढलेली नाही.